रश वीकचे कपडे: कमी पैशात, नीट मापात

नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरातली मुलगी या ऑगस्टमध्ये कॉलेजला निघालीय त्या आईबाबांना आज खास नमस्कार, आणि ती मुलगी गाडीत शेजारी बसून ऐकत असेल तर तिलाही. मी डॅलसच्या बाजूला राहते, घरीच अल्टरेशनचं काम करते, म्हणजे हेम वर घेणं, कंबर आत घेणं, ब्लाऊज उसवून सैल करणं वगैरे. जुलै लागला की साड्यांच्या फॉल-पिकोबरोबर या मुलींचे ड्रेसही यायला लागतात, आणि पाठोपाठ आईचा फोन येतो की अहो ताई, हे सोरॉरिटी रशचं नेमकं काय असतं आणि एवढे कपडे खरंच लागतात का हो. तर आज त्याबद्दलच बोलूया.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. सोरॉरिटी म्हणजे इथल्या कॉलेजातल्या मुलींच्या संघटना, नावं ग्रीक अक्षरांची, आणि बऱ्याच ठिकाणी कॅम्पसजवळ त्यांचं स्वतःचं मोठं घर असतं, काही मेंबर तिथंच राहतात. यातल्या २६ संघटना नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये आहेत, ही कॉन्फरन्स १९०२ सालची. नवीन मुली घ्यायचा जो आठवडा असतो तो रिक्रूटमेंट, बोलताना सगळे रशच म्हणतात. पहिल्या फेरीत मुलगी खूप घरं बघते, मग दर फेरीला तिची यादी आणि घरांची यादी जुळवत आकडा कमी होत जातो. ओपन हाऊस, फिलँथ्रॉपी, सिस्टरहुड, प्रेफरन्स अशा साधारण फेऱ्या, नावं कॅम्पसगणिक थोडी बदलतात, आणि शेवटी बिड डे, बिड म्हणजे मेंबर होण्याचं बोलावणं, त्या दिवशी कळतं कुठल्या घरात गेली.

आता या कपड्यांची एवढी धास्ती आली कुठून, तर २०२१ च्या ऑगस्टमध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीच्या मुलींचे व्हिडिओ टिकटॉकवर प्रचंड गाजले, रोज सकाळी एकेक मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहून टॉप कुठला, स्कर्ट कुठला, कानातलं कुठलं हे ब्रँडसकट सांगायची. तेव्हापासून आपल्या मुलींना वाटतं की पाचशे डॉलरचे गोल्डन गूसचे बूट नसतील तर दारातूनच परत पाठवतील. पण तेच व्हिडिओ परत नीट बघा, त्यात शीन आणि अ‍ॅमेझॉनसारख्या स्वस्त ठिकाणांची नावंही भरपूर येतात, फक्त लक्षात महागडी राहतात.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते, की पैसे ब्रँडवर घालू नकोस, मापावर घाल. समोरच्या मुलीला तुझ्या ड्रेसचं लेबल दिसत नाही, ते आत मानेपाशी असतं. तिला दिसतं काय, तर खांद्यावरून घसरणारा पट्टा, सारखा खाली ओढावा लागणारा स्कर्ट, चालताना दुखणारी टाच. एकेका घरात तुला काही मिनिटंच मिळतात बोलायला, त्यातली अर्धी ड्रेस सावरण्यात गेली तर बोलणार कधी! चाळीस डॉलरचा ड्रेस वीस डॉलर घालून अंगाबरोबर करून घेतला ना, की तो दोनशेच्या ढगळ ड्रेसपेक्षा कितीतरी चांगला दिसतो, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

म्हणून विकत घेताना काय बघायचं ते सांगते, सेकंडहँड असो की नवीन. खांदा आणि छाती बरोबर बसली पाहिजे, बस. उंची कमी करणं सोपं, कंबर दोन्ही बाजूंनी आत घेणं सोपं, टक्स घालणंही फार अवघड नाही, पण खांदा आणि मुंढा बदलायचा म्हणजे अख्खी बाही उसवावी लागते आणि त्याचे पैसे कधीकधी ड्रेसच्या किमतीएवढे होतात. सैल असलेला आत घेता येतो, घट्ट असलेला मात्र आत माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, सोडलेली असेल तरच वाढवता येतो आणि रेडिमेड कपड्यात माया अगदी थोडी असते, तेव्हा दोनातला मोठा साइज घ्या. मग ट्रायल रूममध्ये तीन गोष्टी करून बघायच्या, हात वर करायचे, खुर्चीवर बसायचं, आणि उन्हात किंवा मोबाइलच्या फ्लॅशमध्ये आरपार दिसतं का बघायचं. बसून बघणं विसरू नका, कारण रशमध्ये बराच वेळ बसून बोलणं असतं आणि उभं असताना ठीक वाटणारा स्कर्ट बसल्यावर चांगला चार बोटं वर जातो.

आता किती कपडे. बऱ्याच कॅम्पसवर एखाद्या फेरीला युनिव्हर्सिटीची पॅनहेलेनिक, म्हणजे तिथल्या सोरॉरिटींची मिळून असलेली समिती, तीच सगळ्यांना टीशर्ट देते, खाली शॉर्ट्स किंवा स्कर्ट आपला, म्हणजे तो दिवस जवळजवळ फुकटात झाला. २०२० नंतर काही ठिकाणी पहिली फेरी व्हिडिओवर असते, तिथे कमरेच्या वरचं तेवढं दिसतं. त्यामुळे खरेदीला जायच्या आधी आपल्या युनिव्हर्सिटीच्या पॅनहेलेनिकच्या साइटवर जाऊन कुठल्या फेरीला काय घालायचं ते वाचा, बहुतेक जण फोटोसकट देतात. मग मधल्या फेरीला एक साधा सनड्रेस, जो नंतर वर्षभर क्लासला घालता येईल, सिस्टरहुडला त्याहून थोडा बरा, तो मैत्रिणीचा मागून आणला तरी चालतो, आणि प्रेफरन्सला एक चांगला ड्रेस. खर्च करायचाच असेल तर तो इथे करा, कारण प्रेफरन्सची फेरी गंभीर असते, घरं एकदोनच उरलेली असतात, बोलणंही जास्त वेळ चालतं. तो ड्रेस असा घ्या की पुढे फॉर्मलला, म्हणजे सोरॉरिटीच्या नटूनथटून जायच्या पार्टीला, इंटर्नशिपच्या डिनरला, दिवाळीच्या कार्यक्रमाला, सगळीकडे जाईल. नेव्ही, बाटली हिरवा, वाइन असा गडद प्लेन रंग, मग कानातलं बदललं की ड्रेसच बदलल्यासारखा दिसतो. माझ्या हिशोबाने आधीचे घरातले कपडे धरून हे सगळं दीडशे डॉलरच्या आत बसतं, अल्टरेशनसकट.

कापडाबद्दल बोलायलाच हवं कारण ऑस्टिनला किंवा टस्कलूसाला, म्हणजे त्या अलाबामा युनिव्हर्सिटीच्या गावाला, ऑगस्टमध्ये जे ऊन असतं ते सोसून मुली एका घराबाहेरून दुसऱ्या घराबाहेर रांगेत उभ्या असतात, कधीकधी ३७-३८ सेल्सिअसलाही. कॉटन किंवा लिनन घ्या, पॉलिएस्टरच असेल तर निदान मोकळ्या घेराचं. फिका राखाडी आणि प्लेन आकाशी हे दोन रंग घामाचे डाग लगेच दाखवतात, पांढऱ्यावर किंवा बारीक प्रिंटवर ते कळत नाहीत. याउलट कॉर्नेलसारख्या ठिकाणी रश जानेवारीत असते, बर्फात, तिथे पैसे कोटावर घाला, खाली साधा काळा ड्रेस आणि जाड टाइट्स चालतील.

बुटांचं मी हट्टाने सांगते. नवे हील्स घालून रशला जायचंच नाही. जुने, पायाला सवय झालेले सँडल किंवा ब्लॉक हील, आणि घराघरांमध्ये चालायला सपाट चप्पल पिशवीत, दारापाशी बदलायची, सगळ्या मुली हेच करतात आणि पिशव्या बाहेर ठेवून आत जातात. त्या पिशवीत बँडेड, छोटा पंखा, पाणी, सेफ्टी पिना, आणि सुईदोरा. उसवलेला हूक दोन मिनिटांत लावता आला पाहिजे मुलीला, हे घरी शिकवा, मुलाला पण शिकवा.

कुठे घ्यायचं. गुडविल हे वापरलेल्या कपड्यांचं दुकान आहेच, पण चांगल्या वस्तीजवळच्या गुडविलमध्ये जा, तिथे टॅग न काढलेले ड्रेस मिळतात. पॉशमार्क आणि थ्रेडअप या सेकंडहँड कपड्यांच्या साइटवर ब्रँडचं नाव टाकून शोधलं की बिड डे झाल्यावर मुलींनी विकायला काढलेले एकदाच घातलेले ड्रेस सापडतात, फक्त मापं इंचात विचारून घ्या, साइजच्या आकड्यावर जाऊ नका. सेकंडहँड हातात आला की काखेतलं अस्तर बघा, चेन वरखाली करून बघा. रॉस आणि टीजे मॅक्स या सवलतीच्या दुकानांत ड्रेस चांगले असतात, बूटही. भाड्याने घ्यायचं तर नूली नावाच्या साइटवर महिन्याला सहा कपडे साधारण शंभर डॉलरला मिळतात, तीन मैत्रिणी एकाच मापाच्या असतील तर ते सगळ्यात स्वस्त पडेल, पण रशच्या तारखेच्या दोन आठवडे आधी मागवा, अडकलं तर हातात काहीच नाही असं होऊ नये. टेक्सासमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला टॅक्स फ्री वीकेंड असतो, शंभर डॉलरच्या आतल्या कपड्या-बुटांवर सेल्स टॅक्स लागत नाही, नाहीतर आपण सव्वाआठ टक्क्यांपर्यंत भरतो. अलाबामात तो जुलैमध्ये असतो. आणि न्यू जर्सीतल्या मंडळींना नेहमीच्या कपड्यांवर बाराही महिने टॅक्स नाही, तेव्हा मुलगी दक्षिणेत शिकायला जाणार असेल तर खरेदी एडिसनजवळच उरका.

उन्हाळ्यात पुण्या-मुंबईला जाणार असाल तर मग फारच छान. इथून एक नीट बसणारा ड्रेस सोबत न्या आणि टेलरला तोच द्या, माप घेऊ नका, यावरून शिवा म्हणावं. कापड हिंदमाताला किंवा लक्ष्मी रोडला घ्या, कॉटनला आधी पाण्यातून काढायला सांगा नाहीतर इथल्या ड्रायरमध्ये पहिल्याच धुण्यात आटेल, अस्तर सुतीच, आणि दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवा म्हणजे पुढे सैल करता येईल. आजीच्या एखाद्या मऊ झालेल्या सुती साडीचा सनड्रेस शिवून घेतलेला मी बघितलाय, काठ खाली घेराला लावलेला, इतका सुंदर दिसत होता, आणि कुणी विचारलं की मुलीकडे सांगायला काहीतरी खरं असतं. साडी कापायच्या आधी आजीला विचारा मात्र.

आता पैशाचा खरा विषय. कपडे हा या सगळ्यातला छोटा खर्च आहे. रजिस्ट्रेशनची फी वेगळी, ती बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, आणि मेंबर झाल्यावर दर सेमिस्टरला ड्यूज, म्हणजे मेंबरशिपचे पैसे, मोठ्या दक्षिणी कॅम्पसवर ते हजारोंत जातात, घरात राहिलं तर अजून जास्त. बऱ्याच युनिव्हर्सिटींची पॅनहेलेनिक हे आकडे साइटवर टाकते, ते आईबाबांनी आणि मुलीने एकत्र बसून बघावेत, पहिला ड्रेस घ्यायच्या आधी. एका पगारावर घर चालतंय, धाकट्याचं शिक्षण अजून व्हायचंय, हे मुलीला स्पष्ट सांगा. या मुली समजूतदार असतात हो, त्यांना आकडा कळला की त्या त्यात बसवून दाखवतात, आकडा कळलाच नाही तर क्रेडिट कार्ड हातात असतं.

आणि एक गोष्ट आयांच्या मनात असते पण फोनवर हळूच विचारतात, की आपली मुलगी रंगाने वेगळी दिसणार, तर कपडे जास्त चांगले नकोत का. मी खरं ते सांगते. अलाबामामध्ये २०१३ साली तिथल्या विद्यार्थ्यांच्याच पेपरने, द क्रिमसन व्हाइटने, छापलं की काळ्या मुलींना रंगामुळे नाकारलं गेलं, त्यावर देशभर गदारोळ झाला आणि मग काही घरांनी त्यांना बिड दिल्या. ज्या घराला रंग खुपतो तिथे पाचशेचा ड्रेस काहीही करू शकत नाही, तेव्हा ते ओझं मुलीच्या कपाटावर टाकू नका, खर्च वाढेल आणि मुलीला वाटेल कमी मीच पडले. काही मुलींना दक्षिण आशियाई सोरॉरिटी जास्त आपल्या वाटतात, कप्पा फाय गामा ऑस्टिनला, डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनला, सिग्मा सिग्मा रो न्यूयॉर्कला, तिन्ही १९९८ मध्ये सुरू झाल्या. त्यांची पद्धत वेगळी आहे, टिकटॉकवरचा तो आठवडाभराचा कपड्यांचा थाट तिथे नसतो, पण तारखा आणि नियम आधी विचारून ठेवा.

शेवटचं, नवीन घेतलेल्या कपड्यांचे टॅग घालायच्या दिवशीच कापा आणि पावत्या एका पाकिटात ठेवा, कारण एखादी फेरी पावसाने आत होते, एखादी मुलगी मधूनच ठरवते की नको मला हे, आणि न घातलेला ड्रेस परत करता आला तर तेवढेच पुस्तकांना होतात. क्लिअरन्सचा माल बऱ्याचदा परत घेत नाहीत, ते काउंटरवरच विचारा. आणि मागच्या वर्षी ज्यांच्या मुलींचं रश झालंय त्यांनी घरात पडून असलेले ड्रेस गणपतीची वाट न बघता आत्ताच मंडळाच्या ग्रुपवर फोटो आणि मापांसकट टाका, लांबी आणि छाती इंचात लिहा. हेम कमीजास्त करून हवा असेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आत माझ्याकडे पोचवा, त्यानंतर माझ्या मशीनवर जागा नसते. चला, येते मी, नमस्कार.