टेपवरचं आणि तबकडीवरचं

श्रोतेहो, नमस्कार.

आइक क्वेबेक हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही. जॅझच्या इतिहासात हा टेनर सॅक्सोफोनवाला बहुधा तळटीपेतच भेटतो. 1940च्या दशकात तो न्यूयॉर्कच्या ब्लू नोट कंपनीसाठी वाजवत होता. थेलोनियस मंक आणि बड पॉवेल या दोन पियानोवादकांकडे कंपनीच्या आल्फ्रेड लायन यांचं लक्ष वेधलं तेही त्यानेच. पुढचं दशक मात्र व्यसनात आणि विस्मरणात गेलं. 1959 मध्ये तो परतला, तो ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणं टाकून गाणी ऐकायच्या यंत्रात, वाजणाऱ्या छोट्या रेकॉर्ड करायला.

डिसेंबर 1961 मध्ये त्याने एक लाँग प्ले रेकॉर्ड केली, 'ब्लू अँड सेंटिमेंटल'. काही संथ बॅलड, म्हणजे भावगीतांसारख्या चाली, आणि काही ब्लूज. साथीला ग्रँट ग्रीनची गिटार, पॉल चेंबर्सचा डबल बास आणि फिली जो जोन्सचे ड्रम्स. पियानोवादक बहुतेक ठिकाणी नाहीच. गिटारच्या सोलोमागे कधीकधी पियानो ऐकू येतो, तो क्वेबेकच वाजवतोय. बिनपियानोच्या या बैठकीत सॅक्सोफोनभोवती ऐसपैस जागा राहते. शीर्षकाचं गाणं काउंट बेसींच्या वाद्यवृंदाचं, 1938 सालचं. तेव्हा त्यातला टेनर हर्शेल इव्हान्सचा होता, आणि वर्षभराच्या आत इव्हान्स गेला, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी. क्वेबेक ते गाणं घाई न करता वाजवतो. आपला एखादा मुरलेला गवई विलंबित ख्यालाचा मुखडा मांडतो, तसं. स्वर लागण्याआधीची फुंक ऐकू येते, स्वर संपल्यावर उरलेली हवाही ऐकू येते. अशा रेकॉर्डमध्ये ही हवा हरवली तर बाकी काय राहिलं?

म्हणूनच तिच्या व्हायनलवरच्या नव्या आवृत्त्यांविषयी बोलायचं आहे. जुनी, पहिली तबकडी म्हणजे अस्सल आणि नवी म्हणजे नक्कल, असं संग्राहक मानतात. मला ते पटत नाही.

ध्वनिमुद्रण केलं रूडी व्हॅन गेल्डर यांनी. हा माणूस मूळचा चष्म्याचे नंबर काढणारा! आधी आईवडिलांच्या दिवाणखान्यात मुद्रण करायचा, 1959 मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ बांधला. टेपवरून तबकडीची मूळ चकती, म्हणजे जिच्यापासून पुढे सगळ्या तबकड्या निघतात ती, कोरायचं कामही तेच करत. त्या काळी घरोघरी साधे प्लेअर, खर्ज जोरात आला की सुई खाचेतून उडायची. म्हणून कोरताना ते खर्ज आवरता घेत, आवाजाच्या लहानमोठेपणातले चढउतार दाबून टाकत. शिवाय टेप दोन ट्रॅकची, स्टिरिओ. मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकच्या, तबकडीसाठी ते दोन्ही ट्रॅक एकत्र केले जात.

म्हणजे 1963च्या खरेदीदाराला जे मिळालं, ते टेपवरचं सगळं नव्हतंच. आजचे प्लेअर खर्ज झेपवतात. मूळ टेपवरून कोणी नव्याने चकती कोरली, तर चेंबर्सच्या तारेचं लाकडात घुमणं प्रथमच तबकडीवर पुरतं उतरतं. जुन्या प्रतीसाठी भरमसाट पैसे मोजणाऱ्यांना हे ऐकवत नाही, पण माझा कौल नव्या आवृत्तीला.

अर्थात प्रत्येक नवी आवृत्ती टेपवरून निघत नाही. पुष्कळदा डिजिटल प्रतीवरून काढतात आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख टाळतात. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित पुनर्मुद्रकाचं असंच उघड झालं, ग्राहक खवळले. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं त्या तबकड्यांचं कौतुक करणाऱ्या तज्ज्ञांच्याही कानांना तो डिजिटल टप्पा जाणवला नव्हता. तेव्हा चकती कोणी कोरली, कशावरून कोरली, हे विकत घेताना विचारा. सांगत नसतील तर जादा किंमत देऊ नका.

क्वेबेक जानेवारी 1963 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, वय 44. त्याची ही रेकॉर्ड आता ऐकूया, पहिल्या बाजूपासून.