वृंदेचा शाप

भातकापणी आटोपली की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवाची पालखी प्रदक्षिणा घालून येते, मालवणी खाजं पिशवीत पडतं आणि माणसं देवळासमोर बसकण मारतात. आज दशावतारी नाटकाची कंपनी कोणती? मोचेमाडकर, वालावलकर की चेंदवणकर? आणि स्त्रीपार्टी कोण करतोय? चर्चा चालते ती एवढीच. मागे पडदा, पुढे एक बाकडं. तेच राजाचं सिंहासन, वेळ पडली तर तोच पर्वत. बाजूला पेटी, मृदंग, झांज. दशावतारात संहिता हातात नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो.

आजचं आख्यान आहे वृंदा-जालंधर.

रोमिओ-ज्युलिएट आपल्याला ठाऊक असतात, शकुंतलेच्या विरहावर आपण हळहळतो. पण आपल्या पुराणांतली सर्वांत जीवघेणी प्रेमकथा माझ्या मते हीच आहे. पद्मपुराणात ती येते, शिवपुराणातही येते.

शंकराच्या क्रोधाचा अग्नी समुद्रात पडला आणि त्यातून जालंधर जन्मला. दर्याचा मुलगा. लक्ष्मीही समुद्रातूनच आलेली, म्हणून ती त्याला भाऊ मानते. समुद्रमंथन करून देवांनी आपल्या बापाची रत्नं नेली, हे कळताच तो त्यांच्यावर चालून जातो. इथवर त्याचा राग रास्त आहे. पुढे मात्र त्याला पार्वतीचा मोह पडतो आणि शंकराचं सोंग घेऊन तो तिच्या दारात उभा राहतो. तिथे त्याची बाजू घेता येत नाही.

तरी तो मरत नाही. कारण घरी वृंदा आहे, कालनेमीची लेक. तिची निष्ठा हेच त्याचं कवच. शिवपुराणात पार्वतीच विष्णूला सांगते, जालंधराने दाखवलेली वाट आता तू धर.

मग स्वप्नं पडू लागतात. नवरा रेड्यावर बसून दक्षिणेला निघालाय. घाबरलेली वृंदा रानात भटकते, एका तपस्व्याच्या आश्रयाला जाते. वानर तिच्या पुढ्यात जालंधराचं मुंडकं आणि धड आणून ठेवतात. ती कोसळते. शुद्धीवर येऊन तपस्व्याला विनवते, यांना उठवा. आणि तो उठतो.

आता रंगमंचावर बघा. जरीचं लुगडं नेसलेला, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर माळलेला पुरुष नट. स्वतःचा चेहरा त्याने स्वतःच रंगवलाय. समोरच्या देहात विष्णू आहे, हे बैठकीतल्या लहान पोरालासुद्धा माहीत आहे. माहीत नाही ते एकट्या वृंदेला. नवरा परत मिळाल्याचा तिचा आनंद बघवत नाही. चिता पेटते तेव्हासुद्धा इतकं तुटत नाही.

एक दिवस तिला कळतं. ती विष्णूला शाप देते, तुझीही बायको कपटाने पळवली जाईल आणि वानरांच्या साथीने तू रानोमाळ हिंडशील. एवढं बोलून ती अग्नीत शिरते. कवच गेलं, तिकडे शंकराच्या हातून जालंधर पडतो.

म्हणजे रामाने सीतेसाठी जो आकांत केला, त्याचं मूळ या बाईच्या दुःखात आहे. संस्कृत नाटकाला सहसा दुःखान्त चालत नसे. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात राम-सीतेची पुन्हा भेट घडवून आणली. वृंदा-जालंधरासाठी पुराणाने तशी भेट ठेवली नाही.

आणि विष्णू? वैकुंठाला परत जायचं नाव घेत नाही, तिच्या राखेत वेडापिसा होऊन बसतो. शेवटी देवींनी दिलेली बीजं देव त्या राखेत पेरतात. त्यांतून आवळा, मालती आणि तुळस उगवते.

कोकणात तुळशीच्या लग्नाला वृंदावनात ऊस रोवतात, चिंच आणि आवळ्याची फांदी खोवतात. अंतरपाटाच्या पलीकडे असतो बाळकृष्ण, म्हणजे विष्णूच. हे लग्न मला फार आवडतं आणि दर वर्षी खटकतंही. जिला फसवलं तिलाच त्याच्याशी लावून दिलं. पण विष्णूची भक्ती सांगणाऱ्या पद्मपुराणानेही तिचा शाप पुसला नाही. देवाला तो भोगायला लावला. केवढी मोठी हिंमत होती ती!