सेल्फ लागत नाही? बॅटरीच्या आधी अर्थिंग बघा

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात आलात, आणि मासेमारी बंदीमुळे घरी असलेले मासळीच्या गाड्यांचे ड्रायव्हर पुढच्या रांगेत बसलेत, हे बघून बरं वाटलं. पत्रिकेवर विषय छापलाय, 'आवाजावरून सेल्फचा दोष ओळखणे'. तो सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट मनात बरीच वर्षं साचली आहे आणि ती इथे नाही बोललो तर कुठे बोलणार?

आपल्या किनारपट्टीवर ट्रकचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटार, लागला नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो. वीस वर्षांपूर्वीही येत होता, आजही येतो. ड्रायव्हर म्हणतो बॅटरी गेली, क्लीनर म्हणतो बॅटरी गेली, आणि बॅटरी विकणारा तर म्हणणारच. यातल्या कितीतरी बॅटऱ्या चांगल्या असतात. दोष असतो अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून चासीपर्यंत (गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत) आणि चासीपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या त्या दोन वायरींत. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, कारण त्या खाली असतात आणि चिखलाने माखलेल्या असतात.

एक प्रकरण सांगतो, जरा सविस्तर सांगतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर एक गाडी उभी होती. बांगडा भरलेला, वर बर्फ, कोल्हापूरच्या बाजारात पहाटेपर्यंत पोचायचं आणि मध्ये आंबा घाट. रात्री दहाच्या सुमाराला मला फोन आला, "काका, सेल्फ घेईना. बॅटऱ्या नव्या आहेत हो!" मी विचारलं, नव्या म्हणजे किती नव्या? तर पंधरा दिवसांपूर्वीच्या. हीच तक्रार घेऊन ते एका दुकानात गेले होते. तिथे कुणी मीटर लावला नाही, काही नाही, जोडी बदलून दिली. आठवडाभर सेल्फ लागला, मग परत तेच. मग कुणीतरी सेल्फ उतरवायला लावला. आतले कार्बन बदलले, बुश बदलले, सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, तोही बदलला. दोन दिवस बरा, मग परत ठक आवाज आणि पुढे काही नाही. मालक लहान माणूस. हप्त्यासाठी बाजूला काढलेले पैसे बॅटऱ्यांत गेले होते.

तुमच्यातले काही जण विचारतील की बॅटरी बदलल्यावर आठवडाभर गाडी चालली, मग दोष बॅटरीचाच नव्हता का? नीट ऐका, फसवणूक इथेच होते. बॅटरी बदलताना टर्मिनल सुटतात, घासले जातात, वायरी हलतात. हललेल्या वायरीचा सांधा थोडा जागेवर बसतो, आणि नव्या बॅटरीचा व्होल्टेज थोडा जास्त असतो. तेवढ्यावर इंजिन फिरतं. गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं, दुकानदारालाही तसंच वाटतं, आणि खरा दोष खाली गंजत राहतो.

मी मीटर लावला. 12 व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या मिळून 25.4 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेल्या. ड्रायव्हरला म्हटलं, मामा, चावी मारा. ठक झालं. मीटर जेमतेम एक व्होल्ट खाली आला. इथेच अर्धा निकाल लागला. सेल्फ खरोखर करंट ओढत असता तर बॅटरी चांगली तीन-चार व्होल्ट खाली आली असती. ती खाली येत नाही आणि इंजिनही फिरत नाही, याचा अर्थ करंटला वाटेत कुणीतरी अडवतंय. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट सेल्फच्या अंगाला लावली. चावी मारली. अकरा व्होल्ट! तिथे अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी कपाळाला आठी पडावी, अशी ती जागा आहे.

खाली शिरलो. इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सपासून चासीला येणारी विणलेली तांब्याची पट्टी दिसायला अख्खी होती. पाना लावला तर थिंबल, म्हणजे पट्टीच्या टोकाचं बोल्टचं कडं, हातातच आलं, आत सगळी हिरवी पूड. शेवटचे सात-आठ धागे धरून होते. चासीच्या बाजूला थिंबलच्या खाली लाल गंजाचा पापुद्रा, नखाने निघावा इतका सुटा. मी जंपर केबल घेतली, बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या बोल्टला लावली, आणि मामांनी चावी मारताच इंजिन घर्र करून सुरू झालं.

मग मामा म्हणाले, "काका, गेले चार-पाच दिवस अ‍ॅक्सिलरेटर जड झालाय, आणि सेल्फ मारला की प्लास्टिक जळल्यासारखा वास येतो." बघितलं तर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं आवरण वितळलेलं! करंटला परत जायला पट्टीची वाट बंद झाली, तेव्हा तो केबलच्या तारेतून चासीकडे जात होता. वास येत होता, पेडल जड होत होतं, आणि तरीही सगळे बॅटरीकडेच बोट दाखवत होते. म्हणून मी ड्रायव्हरला आधी विचारतो, गाडीत गेल्या काही दिवसांत काय काय वेगळं वाटलं? गाडी सगळ्यात जास्त त्याला माहीत असते.

आता हे आपल्याकडेच इतकं का होतं? गाडी चासीतून करंट परत नेते. तांब्याचं थिंबल लोखंडावर बसतं, मध्ये खारं पाणी शिरलं की दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि त्यात लोखंड झिजतं. समुद्राची हवा खारट, त्यात मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारं पाणी रात्रभर चासीवर ठिबकत असतं. विणलेली पट्टी ते पाणी वातीसारखं आत ओढून घेते. घाटावरच्या गाडीला ही पट्टी कितीतरी वर्षं जाते, तेवढी ती बंदरावरच्या गाडीला पुरत नाही.

हेडलाइट झगझगीत लागतात मग करंट कसा नाही, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. दोन हेडलाइट मिळून 24 व्होल्टवर सहा-एक अँपिअर घेतात. सेल्फ शेकड्यांनी अँपिअर मागतो. चार्ल्स केटरिंग याने 1912 च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ बसवला, त्यामागचा त्याचा विचारच हा होता की मोटार काही सेकंदच चालायची आहे, मग लहान मोटारीत भरमसाट करंट सोडायला हरकत नाही. म्हणूनच सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. आता हिशोब करा. गंजलेल्या सांध्याचा रोध ओहमचा शंभरावा भाग धरा. सहा अँपिअरला तिथे 0.06 व्होल्ट पडतो, दिव्याला कळतही नाही. चारशे अँपिअरला चार व्होल्ट पडतो. शिवाय दिव्यांचं अर्थिंग चासीवरच असतं, ते इंजिनच्या पट्टीतून जातच नाही. म्हणून दिवे बघून सेल्फचा निकाल देऊ नका. आणि मीटर हवा तो चावी मारलेली असताना. चावी न मारता घेतलेल्या रीडिंगने सांधा कधी पकडला जात नाही.

मीटर नसेल तर हाताने बघा. दोन-तीनदा सेल्फ मारा, चावी काढा, आणि बॅटरीपासून सेल्फपर्यंत एकेक सांध्याला उलटा हात जपून लावत जा. जो गरम लागेल तो चोर. पट्टी बदलताना रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा, आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. आधी ग्रीस फासून वर थिंबल ठेवू नका.

संयोजकांनी घड्याळ दाखवलंय. बंदीबद्दलही बोलायचं होतं, ते दोन वाक्यांत. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत गाडी नुसती उभी राहणार असेल तर मेन स्विच बंद करा आणि महिन्यातून एकदा बॅटऱ्या चार्ज करा. आणि टेपसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढू नका. ती एक उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही मरतात.

आता पत्रिकेवरचा विषय, भराभर. चावी मारली आणि दिवेही मेले, तर मेन स्विच आणि बॅटरीचे टर्मिनल. दिवे आहेत पण आवाजच नाही, तर जाड वायरींना हात लावू नका, दोष बारीक वायरीत आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर सेल्फ लागू न देणारा न्यूट्रल स्विच, क्लच स्विच, रिले, फ्यूज, चावीचा स्विच. चावी धरून सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर 24 व्होल्ट येतोय का बघा. टक-टक-टक असा भराभर आवाज आला, तर व्होल्टेज कोसळतोय. तेव्हा प्रत्येक बॅटरीचे सहाही सेल तपासा, मग सांधे. एकच जाड ठक आणि मग शांत, तर आधी आत्ता सांगितलेलं अर्थिंग, मग सोलेनॉइडच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्या, मग कार्बन. सेल्फ नुसता भिरभिरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं दातेरी चाक इंजिनच्या दातांत अडकवणारा भाग, किंवा फ्लायव्हील रिंगचे दात.

हे सगळं बरोबर असेल तर क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरतंय का बघा. फिरत नसेल तर सेल्फ मारायचाच नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दबत नाही, सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर क्लीनर ओला दिसला तर आधी इंजेक्टर काढा, हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, ऑइल बदला, मग पुढचं.

आणि शेवटचं, जे मी घाईत सोडणार नाही. सेल्फच्या टर्मिनलवर स्क्रूड्रायव्हर टाकून गाडी सुरू करायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. असं केलं की न्यूट्रल स्विच बाजूला पडतो. गाडी गिअरमध्ये असेल तर ती जागेवरून निघते आणि खालच्या माणसावरून जाते. गाडीखाली शिरण्याआधी न्यूट्रल स्वतः केबिनमध्ये चढून बघा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा, आणि चावीपाशी तुमचा विश्वासाचा माणूस बसवा. बाहेर शेडमध्ये गाडी उभी करून ठेवली आहे, मीटर माझ्याकडे आहे. ज्यांना मायनसपासून सेल्फपर्यंतचं रीडिंग स्वतः घ्यायचंय, त्यांनी माझ्याबरोबर या. आयटीआयच्या मुलांनी आधी या.