आयएनआर २.८ असला तरी प्लाझ्मा का थांबवायचा?

नमस्कार. यकृत प्रत्यारोपणाचा पेशंट टेबलावर आहे. रिपोर्टमध्ये आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा; जास्त म्हणजे उशीर) २.८, प्लेटलेट ४५ हजार. हात आपोआप एफएफपीच्या (फ्रोझन प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी काढलेला द्रव) पिशवीकडे जातो. तो आवरा.

आयएनआर अर्धीच गोष्ट सांगतो. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच बनवतं, आणि गोठणं आवरणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिनसुद्धा तेच बनवतं. सिऱ्हॉसिसमध्ये (यकृत कडक होऊन निकामी होतं तेव्हा) दोन्ही घटतात. फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर तर उलट वाढलेले असतात. तराजूचा काटा जवळपास मधेच उभा असतो, फक्त जराशा धक्क्यानं कुठेही कलतो.

आता पाच पिशव्या एफएफपी दिल्या असं समजा. म्हणजे लिटरभर व्हॉल्यूम. पोर्टल प्रेशर (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब) वाढतं, पोटातल्या आधीच फुगलेल्या शिरा आणखी तट्ट होतात आणि डिसेक्शन करताना, म्हणजे यकृत सोडवताना, जास्त रक्त जातं. नुसता आकडा सुधारायला प्लाझ्मा द्यायचा नाही, तो यासाठी.

मग बघायचं कुठे? सर्जनच्या फील्डमध्ये (ऑपरेशनच्या जागी) आणि रोटेमच्या (गुठळी कशी बनते ते मोजणारं मशीन) आलेखावर. फील्ड कोरडं असेल तर आलेख कितीही वाईट दिसला तरी थांबा. रक्त झिरपतंय आणि फिबटेमचा (रोटेमची फायब्रिनोजेनची चाचणी) ए-१० (दहा मिनिटांनी गुठळी किती घट्ट ते) आठ मिलिमीटरच्या खाली आहे? फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रोटीन) हवं. मोठ्या माणसाला क्रायोच्या (प्लाझ्मातला फायब्रिनोजेन भरपूर असलेला भाग) साधारण १० पिशव्या लागतात, एकेक १५-२० मिलीची. सगळ्या मिळून एका एफएफपीएवढंच व्हॉल्यूम! फिबटेम ठीक पण एक्सटेमचा (प्लेटलेटसकट सगळ्या गुठळीची चाचणी) ए-१० कमी असेल, तर प्लेटलेट.

जुनं यकृत काढल्यावर टीपीए (गुठळी विरघळवणारा घटक) साफ करायला कुणी उरत नाही, आणि नव्या यकृतात रक्त सोडलं की तो आणखी उसळतो. आलेख आधी फुगतो, मग चातीसारखा चिमटत जातो: बनलेली गुठळी विरघळतेय. सोबत रक्त वाहत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (गुठळी विरघळणं थांबवणारं औषध) १ ग्रॅम. नसेल तर बऱ्याचदा तासाभरात हे आपोआप निवळतं. याच वेळी इनटेम या चाचणीचा सीटी (गुठळी सुरू व्हायला लागणारा वेळ) लांबलेला आणि हेपटेमचा (हेपॅरिन निष्प्रभ करून केलेली तीच चाचणी) नॉर्मल दिसला, तर तो हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणारं औषध) परिणाम. त्यावर प्लाझ्मा म्हणजे पैसे पाण्यात.

आणि इथे एक सापळा आहे. आलेख छान, तरी पेशंट झिरपतोय. का? रोटेमच्या कपात मशीन स्वतः कॅल्शियम घालतं आणि नमुना ३७ अंशांवर तापवतं. पेशंट मात्र ३४ अंशांवर असू शकतो, आणि पिशव्यांमधलं सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं, कॅल्शियम बांधून ठेवणारं) पचवायला यकृत नसल्यानं पेशंटचं आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम ०.८ मिलिमोल प्रति लिटरवर आलेलं असू शकतं. आलेखाला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून दर अर्ध्या तासानं एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी). कॅल्शियम १.१ च्या वर, तापमान ३६ च्या आसपास. १० टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या १० मिलीत तेवढ्याच कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम असतं, सिरिंज भरताना लेबल वाचा. क्लोराइड सेंट्रल लाइनमधूनच (मोठ्या शिरेत घातलेली नळी).

पोट बंद करताना फील्ड कोरडं आणि आयएनआर १.९? तसाच राहू द्या. जिवंत दात्याच्या यकृताची हेपॅटिक आर्टरी (यकृताची धमनी) जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. तिच्यात गुठळी झाली तर पित्तनलिका मरतात, आणि कधी कधी पुन्हा प्रत्यारोपण करायची वेळ येते.