दोन सह्यांची बाटली

नमस्कार श्रोतेहो. ओढ्याला रंगीत फेस आला किंवा विहिरीच्या पाण्याला वास मारायला लागला, की गावातलं कुणीतरी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली भरतं आणि प्रदूषण मंडळाच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवतं. मंडळाला जाग आणायला ती बाटली ठीक, पण खटल्यात तिचा उपयोग नाही. पुन्हा सांगतो, आपण भरलेली बाटली तक्रारीला चालते, खटल्याला चालत नाही.

१९७४ च्या जल कायद्याचं कलम २१ सांगतं, की मंडळाच्या अधिकाऱ्याने जागेवरच नोटीस द्यायची, कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सील करायच्या आणि त्यांवर दोघांनी सह्या करायच्या. एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेत जाते, दुसरी कारखान्याने मागणी केली तर सरकारी प्रयोगशाळेत. यातली एक पायरी चुकली, की अहवाल पुरावा म्हणून बाद. शिवाय बाटली बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. उन्हातून गाडीत नेली, तर पाण्यातले जंतू वाटेतच घाण खात सुटतात आणि बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणाऱ्या प्राणवायूचा, आकडा कमी दिसतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. त्यामुळे ढिसाळपणे नेलेल्या बाटलीचा फायदा कारखान्याला होतो, गावाला नाही.

आता कोण काय करतं, तेवढं झटपट. दिल्लीचं केंद्रीय मंडळ मानकं ठरवतं आणि राज्यांच्या मंडळांचा समन्वय ठेवतं. कारखान्याला संमतीपत्र देणं, तपासणी करणं, कलम ३३-अ खाली वीज-पाणी तोडायला लावणं, ही रोजची कामं राज्य मंडळाची. आणि या सगळ्यावर दाद मागायची ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात. वर्तमानपत्रं त्याला 'हरित लवाद' म्हणतात, ते मला पटत नाही. लवाद म्हणजे दोघांनी मिळून नेमलेला पंच. इथे तुम्हाला कुणी विचारून पंच नेमत नाही. एक न्यायिक सदस्य असतो, एक तज्ज्ञ सदस्य असतो आणि त्यांचा आदेश पाळावाच लागतो. असो.

हे न्यायाधिकरण हवं कशाला होतं, ते समजायला राजस्थानात जाऊ. उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८७-८८ च्या सुमारास तिथल्या एका उद्योगसमूहाने एच-ॲसिड करायला घेतलं. कपड्यांचे रंग बनवायला लागणारं हे रसायन. नवी लाल साडी पहिल्या धुण्यात रंग सोडते, तर घरात किती आरडाओरडा! रंग बनताना मागे काय उरतं, ते मात्र आपण विचारत नाही. पाश्चात्त्य देशांनी ज्याचं उत्पादन बंद केलं, ते हे रसायन इथे निर्यातीसाठी बनत होतं, आणि मंडळाच्या संमतीशिवाय. माल निघाला सुमारे ३७५ टन आणि मागे गाळ उरला सुमारे २,४४० टन. म्हणजे टनभर मालामागे साडेसहा टन गाळ. सांडपाणी वेगळंच, टनामागे २२ हजार लिटर, दोन मोठे टँकर भरून.

हा गाळ उघड्यावर टाकला. पाऊस पडला, विष जमिनीत मुरलं, विहिरींचं पाणी काळपट झालं. माणसांना नको, जनावरांना नको, पिकालाही नको. लोक इतके खवळले, की जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावं लागलं आणि जानेवारी १९८९ मध्ये कारखाना बंद झाला. गाळ मात्र तिथेच. त्याच वर्षी एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने गाळ सुरक्षित पुरायला सांगितलं, तर पुरला गेला जेमतेम ७२० टन. बाकीचा? तपासणी पथकाला दिसू नये म्हणून आवारात इकडेतिकडे पसरून वर माती ओढलेली!

मग नुकसान मोजायला बोलावलं कुणाला? आपल्या नागपूरच्या नीरीला, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला. तिचा अहवाल आला १९९४ मध्ये, निकाल लागला फेब्रुवारी १९९६ मध्ये. ज्याने घाण केली, त्यानेच निस्तरण्याचा खर्च द्यायचा. खर्चाचा आकडा ठरला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार. कारखानदारांनी अर्जांमागून अर्ज टाकत पैसे टाळले, इतके, की २०११ उजाडलं. तेव्हा न्यायालयाने ४ नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याज लावलं. आपल्या ठेवीवर असं व्याज मिळालं, तर सहा वर्षांत पैसे दुप्पट होतात. हिशेब करा, देणं मूळ रकमेच्या चौपटीहून जास्त झालं. वर १० लाख दाव्याचा खर्च. आणि १९९६ च्या त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं होतं, की पर्यावरणासाठी वेगळी न्यायालयं काढण्याची सूचना स्तुत्य आहे. तसा कायदा, म्हणजे या हरित न्यायाधिकरणाचा, झाला तो २०१० मध्ये.

वेळ संपत आली, म्हणून मुदती तेवढ्या लिहून घ्या. न्यायाधिकरणात वादाचा अर्ज सहा महिन्यांत. सहा महिने! सबळ कारण असेल तर वर ६० दिवस, त्यापुढे एकही दिवस नाही. आणि हे सहा महिने मोजायचे तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. मंडळाचं उत्तर येईल म्हणून वाट पाहण्यात वर्ष जातं आणि चांगली प्रकरणं इथेच मरतात. नुकसानभरपाई मागायला मात्र पाच वर्षं आहेत. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये, मागायची असेल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का. महाराष्ट्र-गोव्याची प्रकरणं पुण्याच्या खंडपीठाकडे जातात. वन्यजीव कायद्याची तक्रार घेऊन जाऊ नका, तो कायदा न्यायाधिकरणाकडे सोपवलेल्या कायद्यांच्या यादीत नाही.

आणि मंडळाकडे अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख मागून घ्या. 'साहेब बाहेर गेलेत' म्हणाले, तरी आवक-जावकचा कारकून जागेवर असतोच. नमस्कार.