लॉकबाहेर ताटकळणाऱ्यांचं काय?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तिथे सामायिक डेटाला एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप, म्हणजे लॉक, लिहायला बसलात की सगळं लक्ष आत कोण जाणार याकडे लागतं. मी आज बाहेर थांबलेल्यांबद्दल बोलणार आहे. ते कसे थांबतात, थांबताना इतरांची वाट किती अडवतात, यावर लॉकचा कस लागतो.

एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेलं एक्सव्ही६ हे छोटं कर्नल घ्या. त्यातलं ‘अ‍ॅक्वायर’ हे फंक्शन अगदी थोडक्या ओळींचं आहे. मेमरीत एक आकडा: ० म्हणजे मोकळं, १ म्हणजे कुणीतरी धरलेलं. आधी बघायचं आणि मग लिहायचं, असं दोन पायऱ्यांत केलं तर दोन प्रोसेसर एकाच वेळी ० बघतील आणि दोघंही आत शिरतील. म्हणून वाचणं आणि लिहिणं एका दमात करणारी प्रोसेसरची खास सूचना वापरतात. १ टाकायचा, आधी काय होतं ते घ्यायचं. ० मिळाला तर लॉक आपलं, नाहीतर पुन्हा तेच.

पण त्या फंक्शनची पहिली ओळ बघा. ती त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवायला लावणारे इशारे, बंद करते! समजा, घड्याळाचे टिक मोजणाऱ्या व्हेरिएबलचं लॉक एका सिस्टीम कॉलने धरलंय आणि तेवढ्यात त्याच प्रोसेसरवर टायमरचा इंटरप्ट आला. त्याच्या हँडलरलाही, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडलाही, तेच लॉक हवं. तो गोल फिरत बसणार, आणि लॉक सोडणारा कोड त्याच्याच खाली अडकलेला. मशीन तिथेच ठप्प. लॉक मिळाल्यावर मेमरी फेन्सही (वाचन-लेखनाचा क्रम राखणारी सूचना) लागते, नाहीतर कंपायलर किंवा प्रोसेसर आतलं वाचन-लेखन सरकवून लॉकच्या बाहेर नेऊ शकतो.

आता गर्दी वाढवू. थांबलेला प्रत्येक कोअर (चिपमधला एकेक प्रोसेसर) सारखा १ लिहितोय, म्हणजे तो आकडा असलेली कॅशलाइन, कोअरजवळच्या वेगवान मेमरीतला तो तुकडा, दर वेळी स्वतःकडे ओढतोय. ज्याला लॉक सोडायचंय त्यालाही तीच लाइन हवी! शिवाय आधी आलेल्याचा नंबर आधी लागेल याची खात्री नाही. लिनक्समध्ये निक पिगिन यांनी हे दाखवलं तेव्हा आठ कोअरच्या ऑप्टेरॉन मशीनवर थ्रेडांच्या (सोबत चालणाऱ्या कामांच्या) वेळात दुपटीपर्यंत फरक पडत होता. २००८ मध्ये २.६.२५ आवृत्तीत एक्स८६ प्रोसेसरांसाठी तिकीट लॉक आलं. बँकेतल्या टोकनसारखं: आल्यावर आकडा घ्या, तो पुकारला की पुढे या.

न्याय मिळाला, पण पुकारा ऐकायला सगळे अजून एकाच कॅशलाइनकडे डोळे लावून होते. यावरचा तोडगा मेलर-क्रमी आणि स्कॉट यांनी १९९१ मध्येच मांडला होता, त्यांच्या नावावरून एमसीएस म्हणतात तो. प्रत्येकाने स्वतःचा नोड (मेमरीतली छोटी नोंद) आणायचा, रांगेच्या शेपटीला जोडायचा आणि फक्त त्याच्याकडेच बघत थांबायचं. लॉक सोडणारा पुढच्याच्या नोडवर लिहितो, बाकी कुणाला धक्का लागत नाही.

मग लिनक्सने हे लगेच का घेतलं नाही? असं गोल फिरत वाट बघायला लावणारं लॉक, म्हणजे स्पिनलॉक, कर्नलच्या असंख्य डेटा स्ट्रक्चरांमध्ये रुतलेलं, जागा ४ बाइटची, आणि ६४-बिट मशीनवर नोडचा पत्ता सांगणारा नुसता एक पॉइंटरच ८ बाइटचा. ही गाठ २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीतल्या क्यूस्पिनलॉकने सोडवली, आणि ती मला फार देखणी वाटते. स्पिनलॉकसाठी थांबलेलं काम प्रोसेसरवरून हटवलं जात नाही. मग एका सीपीयूवर एकात एक अशी किती कामं थांबू शकतील? साधं टास्क, त्यावर सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टने मागाहून उरकायला ठेवलेलं काम), त्यावर हार्डवेअर इंटरप्ट, त्यावर एनएमआय (बंद न करता येणारा इंटरप्ट). चारच! म्हणून प्रत्येक सीपीयूसाठी चार नोड आधीच राखून ठेवले. आता पत्ता साठवायची गरज उरत नाही. कुठला सीपीयू आणि त्याचा कितवा नोड, एवढं १६ बिटांत बसतं. उरलेल्यात लॉकची एक बाइट आणि एक ‘पेंडिंग’ बिट. एकच जण थांबलेला असेल तर तो नोडला हात न लावता या बिटावरच भागवतो.

एकात एक थांबलेली कामं चारपेक्षा जास्त झालीच, तर कोड रांगेचा नाद सोडतो आणि लॉक मिळेपर्यंत थेट त्याच्यावरच प्रयत्न करत राहतो.