विजेच्या बिलावर राख छापा

आजच्या भाषणाचा विषय जाहीर केलाय तो मोठा आहे, विकसनशील देश, कोळसा आणि हरितगृह वायू, आणि त्यावर येणारच आहे मी, पण आधी मामीची सिगडी सांगतो, कारण माझ्यासाठी सगळं तिथूनच सुरू होतं.

माझं आजोळ चंद्रपूरचं. तिकडे खाणी जवळ, त्यामुळे गॅस आला तरी बऱ्याच घरांत दगडी कोळशाची सिगडी पेटायचीच. पद्धत अशी की संध्याकाळी सिगडी अंगणात पेटवायची, मग पिवळट काळा धूर गल्लीभर, डोळे चुरचुरायचे, वाळत घातलेले कपडे पटापट आत घ्यायचे. अर्ध्या तासाने धूर थांबला, निखारे लाल झाले की सिगडी उचलून घरात. एका जानेवारीत थंडी जास्त म्हणून दारं-खिडक्या लावून आम्ही सात जण एका खोलीत झोपलो, सिगडी कोपऱ्यात. मी म्हटलं, मामी, बाहेर ठेवायची का? तर म्हणाली, "धूर गेला न बापा, आता काय होते?" पहाटे सगळ्यांची डोकी ठणकत होती, धाकट्या मामेभावाला तर उलट्या. मामाने धडपडत जाऊन दार उघडलं म्हणून वाचलो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही वास नाही, हे मला कॉलेजात कळलं.

पुण्यात हे कशाला सांगतोय? तर माझं म्हणणं असं की कोळशाच्या बाबतीत आपण सगळे मामीसारखंच वागतोय, दिसतं तेवढंच मोजतो. वीज केंद्राच्या चिमणीतला काळा धूर दिसतो, म्हणून राख पकडणारी यंत्रं आली, ती नीट चालवली तर 99 टक्क्यांवर राख अडते, चांगलंच आहे. पण सल्फर डायऑक्साइड दिसत नाही. तो हवेत जाऊन बारीक कण बनतो, थेट फुप्फुसात उतरणारे. त्यासाठी 2015 साली नियम झाला, 2017 ची मुदत होती, मग 2022, मग अजून पुढे, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सल्फर काढायच्या यंत्रातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात सल्फर कमी हे कारण देतात, खरंही आहे, पण जाळतो किती ते बघा ना! आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पृथ्वी तापवणारा मुख्य हरितगृह वायू, तो तर राखेच्या आणि सल्फरच्या दोन्ही यंत्रांतून आरामात निघून जातो.

हो, चिठ्ठी मिळाली, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

आपला माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण 2 टन, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून श्रीमंत देशांनी आधी कमी करावं हे आपलं म्हणणं रास्तच आहे, मी शंभर टक्के त्या बाजूचा आहे. पण हाच न्याय घरात लावा की! चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट, ती वीज ग्रीडमधून राज्यभर जाते, राख मात्र तिथेच राहते. एसी इथे, खोकला तिथे. आणि सोलर दुपारी भरपूर, पण रात्री आठला आपण सगळे एकदम बटणं दाबतो तेव्हा मुख्यतः कोळसाच जळतो, त्यामुळे बॅटरी आणि पंप स्टोरेज (दुपारच्या विजेने पाणी वर चढवायचं, रात्री ते खाली सोडून वीज बनवायची) लांबवणं म्हणजे कोळसा लांबवणं.

माझी मागणी एवढीच आहे, विजेच्या बिलावर तीन आकडे छापा. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो, त्यातला तिसरा हिस्सा राख, आणि कार्बन डायऑक्साइड वायू जवळपास एक किलो. कोळशापेक्षा वायू जास्त कसा, असं मागे कोणीतरी विचारतंय, बरोबर प्रश्न आहे, 12 ग्रॅम कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून 44 ग्रॅम होतो. घरी गेल्यावर बिल काढा, शंभर युनिट असतील आणि सगळी कोळशाची धरली तर 70 किलो कोळसा झाला, म्हणजे गव्हाचं एक मोठं पोतं, दर महिन्याला, तुमच्या नावाने.